कोयत्याचं पाणी

माझ्या सासऱ्यांनी मला लोहारकी शिकवली, पण ते माझ्याशी बोलत नव्हते. भांडण वगैरे काही नव्हतं. आमच्या घरात सासरा सुनेशी बोलत नाही, एवढंच. सून डोक्यावरचा पदर घसरू देत नाही, सासरा तिच्याकडे बघून काही सांगत नाही, आणि दोघांच्या मध्ये सासू असते, तिच्यामार्फत घर चालतं. लग्नानंतर माझी बारावीच्या वर्गातली मैत्रीण एकदा भेटायला आली, तर तिला वाटलं आमच्यात काहीतरी बिनसलंय. तिने मला न्हाणीकडे ओढून नेऊन विचारलं, "कावून गं, काय केलंस तू?" मी म्हटलं, काही केलं नाही म्हणून तर सगळं सुरळीत आहे.

आमचं गाव नेकनूरच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. दुकान घराला लागूनच. तीन बाजूंनी पत्रा, चौथ्या बाजूला गोणपाटाचा पडदा. आत दिवसाही अंधार. नवं गिऱ्हाईक आलं की पहिलं म्हणणार, एक बल्ब तरी लावा की हो. पण लोहाराला उजेड चालत नाही. तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात खोटा दिसतो, म्हणून पडदा. बल्ब होता, तो हिशोबाला आणि जेवणाला.

माझे मालक, म्हणजे मामंजींचा एकुलता एक मुलगा, हंगामात कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवतात आणि बाकीच्या दिवसांत मिळेल ती गाडी. लोखंड तापवण्यापेक्षा त्यांना ते पळवायला आवडतं. मी त्या घरात आले तेव्हा भट्टीवर मामंजी बसत आणि घण आत्याबाई मारत. आत्याबाई म्हणजे माझी सासू. आमच्यात बाईने घण मारण्याचं कुणाला नवल नाही. नवल झालं ते आत्याबाईंचा खांदा गेला तेव्हा. एका सकाळी त्यांना स्वतःची वेणी घालायला हात वर नेता येईना. वेणी मी घातली, आणि घालून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता घणबी तूच घे."

घण उचलायला ताकद लागते हा गैरसमज आहे. ताकद लागते ती तो पुन्हा उचलायला. पहिल्या आठवड्यात माझे तळहात सोलून निघाले आणि भाकरी थापताना पिठाला रक्त लागायचं, म्हणून आत्याबाईंनीच भाकरी थापल्या, एका हाताने. भट्टीजवळ डोक्यावरचा पदर जाळून घेण्याचे दोन प्रसंग आल्यावर त्यांनीच तोडगा काढला. पदराचं टोक कानामागून घेऊन मानेवर गाठ मारायची, म्हणजे डोकंही झाकलेलं आणि आगीलाही तोंड नाही. मी अजून तशीच बांधते.

काम असं चालायचं. मामंजी डाव्या हातात सांडशीने तापलेलं लोखंड ऐरणीवर धरत, उजव्या हातातला लहान हातोडा जिथे टेकवत तिथे माझा घण पडायचा. हातोडा हलका पडला तर घणही हलका. हातोडा ऐरणीच्या कडेवर वाजला की थांबायचं. न बोलणाऱ्या माणसांसाठीच हा धंदा निघाला असावा, असं मला तेव्हा वाटे. जे हातोड्याने सांगता येत नसे ते आत्याबाईंकडून यायचं. त्या कोळशाच्या पोत्यावर बसलेल्या असत.

"तिला सांग, खांद्यावरनं आण घण. कमरंतनं आणायली."

"खांद्यावरनं आण म्हणायलेत बाई."

मी हातभर अंतरावर उभी असायचे. तरी आत्याबाईंचं सांगून होईपर्यंत ऐकू आलं नाही असं धरायचं, हा नियम. त्या पाणी भरायला गेल्या असल्या की मामंजी ऐरणीशी बोलत. "ह्या आगीला हवा लई झाली," असं ते ऐरणीला सांगत आणि मी ब्लोअरचं बटण मागे फिरवत असे. ऐरणीने कधी कुठलंही काम केल्याचं मला आठवत नाही.

सगळ्यात उशिरा जमली ती आग. बघणाऱ्याला वाटतं कोळसा पेटला की झालं. दगडी कोळसा नवा घातला की पिवळा धूर सोडतो, त्यात लोखंड घातलं की लोखंड खराब. म्हणून नवा कोळसा ओला करून कडेला रचायचा, कडेलाच त्याचा धूर जाळू द्यायचा, आणि मग थोडा थोडा मधल्या आगीत ढकलायचा. खाली वितळून बसलेलं कीट आकड्याने ओढून काढायचं, नाहीतर आग वरून लाल दिसते आणि आतून थंड असते. एकदा माझं लक्ष ब्लोअरकडे राहिलं नाही आणि पाटा आगीतच जळायला लागला. ट्रकच्या कमानीचा पाटा, कोयत्याचं लोखंड तेच. त्यातून फुलबाजीसारख्या ठिणग्या निघाल्या. जळलेलं लोखंड कशाच्याच कामाचं राहत नाही. मामंजींनी तो पाटा सांडशीने पडद्याबाहेर भिरकावला आणि ऐरणीला म्हणाले, "झाली दिवाळी."

आग आली, घण आला. लोखंड ओढून लांबवणं, वळवणं, छन्नीने कापणं, कानशीने धार काढणं हेही आलं. राहिलं ते पाणी.

पाणी देणं म्हणजे काय ते सांगते. घडवून, कानस मारून झालेला कोयता कितीही देखणा असला तरी मऊ असतो. तो लाल तापवायचा आणि त्याची धार भट्टीशेजारच्या डोणीतल्या, म्हणजे दगडी कुंडीतल्या, पाण्यात बुडवायची. धार आता काचेइतकी कडक होते आणि काचेसारखीच तुटते. म्हणून कोयता लगेच बाहेर काढून विटेच्या तुकड्याने घासून उजळ करायचा आणि बघत राहायचं. पाठीला अजून ऊब असते. ती हळूहळू धारेकडे सरकते आणि तिच्याबरोबर रंग सरकतात. आधी हळदीचा पिवळा, मग गुळाचा, मग जांभळाच्या डागाचा, मग निळा. गूळ संपून जांभूळ सुरू होतं त्या क्षणाला आख्खा कोयता पाण्यात. त्याच्या आधी बुडवला तर धारेचे टवके उडतात, नंतर बुडवला तर धार वळते. हे सगळं आटपायला एक श्वास घेऊन सोडण्याएवढा वेळ मिळतो.

पाणी मामंजी देत. आत्याबाईंनी जन्मभर घण मारला, पण एकदाही पाणी दिलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "घण बाईचा, पाणी गड्याचं." त्यात त्यांना काही खटकत नव्हतं. मला खटकत होतं. मला पाणी द्यायचं होतं. इतकं दुसरं काहीच मला त्या घरात नको होतं. पण मागायचं कुणाकडे? मग मी तेच केलं जे करायला कुणी बंदी घातली नव्हती. घणाचं डोकं जमिनीवर टेकवून, त्याच्या दांड्यावर हात ठेवून मी रंग बघत राहिले. मामंजी कुठल्या रंगाला बुडवतात ते माझ्या डोळ्यांत इतकं बसलं, की त्यांचा हात हलायच्या आधी माझा हात हलू पाहायचा.

म्हणूनच ते बिघडायला लागलं तेव्हा मला आधी कळलं.

आमच्या पलीकडच्या आळीत एक ऊसतोडीची बाई राहते. दरसाल दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर टोळीत जाते, उन्हाळ्यात परत येते. दोघांचे कोयते आमच्याकडचे. तिच्या सासूचेही आमच्याकडचेच असत. त्या उन्हाळ्यात ती परत आली तशी दुसऱ्या दिवशी पडदा बाजूला करून आत आली आणि कोयता ऐरणीवर ठेवला. धार पापडाच्या कडेसारखी वळलेली होती. तिचं मनगट सुजून दंडाएवढं झालं होतं.

"मामा, यंदा धार धरंनाच बघा. दर दोन सऱ्यांला कानस माराय लागायली."

मामंजींनी कोयता डोळ्यांजवळ नेला, बोट फिरवलं. "पाटाच हलका यायलाय," ते म्हणाले. "पयलंचं ट्रकाचं लोखंड येगळं व्हतं."

बाई म्हणाली, असंल. टोळीतले बाकीचेही येऊन तेच सांगून गेले आणि तेच ऐकून गेले. माझ्या मालकांनीही मान डोलावली, आता सगळीच लोखंडं भेसळीची झालीत म्हणाले. सगळं गाव लोखंडाला बोल लावत होतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं मनात आलं आणि मी ते मनातच ठेवलं.

लोखंडाला काहीही झालं नव्हतं. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ताटातली चटणी त्यांना चाचपावी लागे. विटेने घासलेला कोयता ते तोंडाजवळ धरत आणि वाट बघत. गूळ यायचा, जांभूळ यायचं, निळं यायचं, तेही फिकं व्हायला लागायचं, आणि त्यांच्या डोळ्यांना ते सगळं गुळाचंच दिसत असावं, कारण ते थांबूनच असत. मग कधीतरी अंदाजाने बुडवत. मी घणाला टेकून उभी. एकेक चांगला कोयता माझ्यासमोर मरायचा.

दिवाळीच्या आधीच्या घाईचे दिवस आले, टोळ्यांच्या कोयत्यांची कामं यायला लागली, तेव्हा मी आत्याबाईंना सांगितलं. म्हटलं, एवढं त्यांच्या कानावर घाला. रंग निघून जातोय. आणखी एक हंगाम असा गेला तर टोळी आपल्याकडे फिरकायची नाही.

आत्याबाई निवडत होत्या ती तूर त्यांनी बाजूला ठेवली. "हे म्या सांगायची न्हाई."

"का?"

"आपलेच दात, आपलेच व्हट." मग सूप परत जवळ ओढून, "तुला काय वाटतं, त्यांला कळंना झालंय व्हय?"

एवढी वर्षं त्यांनी घण असा धर इथपासून मिठाचा खडा कमी टाक इथपर्यंत सगळं इकडचं तिकडे केलं होतं. एवढं एक निरोपाचं काम त्यांनी नाकारलं. त्यांचा मला फार राग आला. त्यांच्याशिवाय दुसरा रस्ताच नव्हता.

मामंजी दुपारी जेवून लिंबाखाली पडत ते चहाच्या वेळेपर्यंत. भट्टीत निखारा असे. एका दुपारी मी आत गेले, सकाळी त्यांनी पाणी दिलेला एक कोयता घेतला, परत लाल केला आणि डोणीत बुडवला. टिच असा बारीक आवाज आला. धारेला आडवी चीर गेली होती. बघून शिकलेलं आणि हाताने शिकलेलं यात काय फरक असतो ते मला त्या आवाजाने सांगितलं. मागे वळून बघते तर पडद्यापाशी आत्याबाई. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी चिरलेला कोयता माझ्या हातातून घेतला, कोळशाच्या पोत्याखाली सारला, सूप घेऊन पडद्याच्या तोंडाशी बसल्या आणि तूर निवडायला लागल्या. निरोप न्यायला नाही म्हणालेल्या बाईने राखण मात्र केली.

मग रोज दुपारी तेच. सकाळी मामंजी पाणी देत, दुपारी मी ते मोडून नव्याने देई. हाताला सवय झाली. सगळा कोयता सारखा लाल कसा करायचा, धार बुडवताना हात पाण्यात हलता का ठेवायचा, हे हळूहळू समजत गेलं. कोयते आणखी चिरले. ते सगळे पोत्याखाली गेले, आणि पुढे तिथून भंगारवाल्याकडे. दिवाळीची साफसफाई आत्याबाईंनी त्या वर्षी दुकानात करूच दिली नाही.

एके दिवशी मामंजी चहाच्या आधीच उठून आले. मी घण हातात घेऊन कामाला लागल्याचं दाखवत होते. त्यांना सवय होती, भट्टीवर बसायच्या आधी बोटं डोणीत भिजवायची. त्यांनी हात पाण्यात घातला आणि तसेच उभे राहिले. पाणी ऊन होतं. पडद्यापाशी आत्याबाईंचं सूप थांबलं. मामंजींनी हात काढला, धोतराला पुसला, बसले आणि हातोडा उचलला. त्या दिवशी ते ऐरणीलासुद्धा काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीसारखे कोयते घडवले. मामंजींनी कानस मारली. पण एकही कोयता परत आगीत घातला नाही. सगळे मऊ कोयते डोणीच्या कडेला रचून ठेवले, लवकर जेवले आणि लिंबाखाली जाऊन पडले. मी डोणीतलं पाणी बदललं आणि सुरुवात केली. तेरी भी चूप, मेरी भी चूप. नंतर आत्याबाईंनी सांगितलं, त्या दुपारपासून ते झोपत नसत, पाठ करून नुसते पडलेले असत.

त्या हंगामाचे सगळे कोयते माझ्या पाण्याचे गेले. उन्हाळ्यात पलीकडच्या आळीतली ती बाई परत आली आणि दुकानात न येता नळावर मला गाठलं. "यंदा धार हलली न्हाई बघ. पाणी तूच दिलतंस नव्हं?" मी कळशी नळाखाली सरकवली. ती हसली. गोणपाटाच्या पडद्यामागे गावात काही झाकून राहत नाही, हे मला कळायला हवं होतं. टोळीत सगळ्यांना ठाऊक होतं. मी हवेत होते. बरेच दिवस घण मला सुपासारखा हलका लागला.

डोळ्याच्या ऑपरेशनचा विषय मीच काढला. हा निरोप मात्र आत्याबाईंनी आनंदाने नेला. उत्तर आलं, "तिला सांग, वय झालंय आता माझं." मी म्हटलं, तुम्ही त्यांना सांगा, डोळ्यांचं वय झालंय, हातांचं झालेलं नाही. हे जाणं-येणं पावसाळाभर चाललं. डोळे सुधारले की पाणी परत त्यांच्याकडे जाणार हे मला माहीत होतं. पण लिंबाखाली पाठ करून पडलेला तो माणूस रोज दिसत होता, आणि त्याच्याकडे बघून दुसरं काही करणं शक्य नव्हतं.

शेवटी बीडला न्यायचं ठरलं तेव्हा मालक गाडी घेऊन लांब गेलेले, आत्याबाईंना बस लागते. राहिले मी. एसटीत मामंजी कंडक्टरला म्हणाले, "दोन बीड. मागं बाईमाणूस बसलंय, तिचंबी ह्यातच." दवाखान्यात गेल्यावर आमची खरी पंचाईत झाली, मध्ये बोलणारं कुणी नव्हतं. मग नर्स त्या कामाला लागली, बिचारीला न सांगता. "सिस्टर, हिला सांगा, भाकर खाऊन घी म्हणावं." सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाली, तुम्हाला ऐकू येत नाही का? मी म्हटलं, येतं की.

घरी आल्यावर डोळ्यांत थेंब घालायचे होते. दुखऱ्या खांद्यामुळे आत्याबाईंचा नेम चुकायचा, थेंब गालावर पडायचा. म्हणून तेही माझ्याकडे आलं. मामंजी खाटेवर पडून आढ्याकडे बघत, मी पापणी धरून थेंब सोडत असे. इतकी वर्षं एका आगीभोवती काढून त्यांचे डोळे घारे आहेत हे मला तेव्हा समजलं.

दोन्ही डोळे होऊन डॉक्टरांनी आगीपाशी बसायची परवानगी दिली तोवर पुन्हा दिवाळीच्या आधीचे दिवस आले होते. मामंजी चष्मा लावून बसले. कोयता लाल केला, धार बुडवली, विटेने घासला. रंग सरकायला लागले. ते बघता बघता त्यांचं तोंड उघडं राहिलं. "अगं," ते आत्याबाईंना म्हणाले, "केवढं जांभळं हाय हे." आणि बरोबर त्या क्षणी बुडवला.

त्या दिवशी मी परत घणाला टेकून उभी राहिले आणि बघितलं. माझ्या कोयत्यांचं टोक नेहमी आधी रंगायचं आणि मुठीकडची बाजू मागे राहायची, मी मधला काहीतरी मेळ साधून बुडवत होते. मामंजी टोकाला निम्मा रंग आला की तेवढंच टोक पाण्याला लावून परत उचलत, आणि मग रंग धारेवरून एकसारखा उतरायचा. म्हणजे वर्षभर मी जे पाणी दिलं ते चालण्यासारखं होतं, हे त्याच्या पुढचं होतं. मला हेवा वाटला, आणि त्याचबरोबर बरंही वाटलं, की हे अजून कुणाला तरी येतंय.

पाणी काढून घेतील असं मी धरून चालले होते. त्यांनी काढून घेतलं नाही. दुसरी सांडशी माझ्याकडे सरकवली आणि आत्याबाईंना म्हणाले, "निम्मे तिनं करावेत." एक त्यांचा, एक माझा. त्यांचे डोणीच्या उजव्या बाजूला, माझे डाव्या बाजूला. दोन ढीग का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी ते आपल्या ढिगातला एखादा कोयता उचलत, पडद्याबाहेरच्या उजेडात नेऊन धार बघत, आणि परत ठेवत. त्यांना स्वतःचं काम बघायचं होतं. दोन वर्षं ते बघायला मिळालं नव्हतं.

मग पलीकडच्या आळीतली ती बाई आली. टोळी निघायला थोडेच दिवस होते. मामंजींनी नुकताच एक कोयता विझवून उजव्या ढिगावर ठेवला होता. त्यांनी तोच उचलून तिच्यापुढे धरला. तिने हात पुढे केला नाही.

"मामा, राग धरू नगा," ती म्हणाली. "पर मला वैनीच्या पाण्याचा द्या."

मामंजींचा हात तसाच पुढे राहिला. आत्याबाई पोत्यावरून उठल्या आणि परत बसल्या. मी म्हटलं, "अगं, मामंजींचे डोळे आता एकदम चांगले झालेत. त्यांचं पाणी माझ्याहून चांगलंय."

"झाले असतील बाई. म्या कुटं न्हाई म्हणायले? पर मला तिकडं सगळा हंगाम ह्याच्यावर काढायचाय. मागच्याच्या मागं काय झालतं, ठावं हाय की तुला." आणि मनगट चोळलं. "तुझाच दे."

तिचं काही चुकत नव्हतं. मनगट तिचं होतं. मामंजींनी कोयता हळूच खाली ठेवला, उजव्या ढिगावरच. मला त्या बाईचा राग आला, आणि माझ्याच डाव्या ढिगाचाही राग आला, तिथे तो पसरून पडलेला बघून. मी उठले. डोणीला वळसा घालून गेले, मामंजींनी आत्ताच ठेवलेला तो कोयता उचलला आणि तिच्या हातात दिला. अजून कोमट होता.

"हा घे," मी म्हटलं. "माझाच हाय. जागा न्हाई म्हणून हिकडं ठिवला."

तिने नखाने धारेवर टिचकी मारली आणि कान लावला. "हां," ती म्हणाली. "ह्याचा आवाजच येगळा हाय." नवऱ्यासाठी मागितला तोही मी तिला उजव्या ढिगातलाच दिला. दोन्ही कोयते पदरात गुंडाळून ती खुशीत गेली.

मला वाटलं होतं मी सगळ्यांचं भलं केलं. बाईला उत्तम कोयता मिळाला, मामंजींचं काम वाया गेलं नाही. मामंजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, घातला, परत काढला. तेव्हा माझ्या लक्षात आलं काय झालं ते. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पाणी त्यांनी त्या दिवसांत दिलं असेल, आणि त्याचं कौतुक त्यांनी माझ्या नावाने ऐकलं होतं, माझ्याच तोंडच्या खोट्यामुळे. मी आत्याबाईंकडे वळले आणि म्हटलं, "त्यांना सांगा..."

"काय सांगू?" आत्याबाईंनी विचारलं. त्या खरंच थांबल्या होत्या, सांगायला तयार होत्या. मी सांडशी उचलली आणि पुढचा कोयता आगीत सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी पहिला कोयता विझवला. वीट फिरवली, रंग बघितला, बुडवला, काढला, धारेवरून बोट फिरवलं. मग डोणीवरून हात लांब करून तो माझ्या ढिगात टाकला. त्यानंतरचाही तिथेच. दुपारपर्यंत माझे कुठले आणि त्यांचे कुठले हे मलाही ओळखू येईनासं झालं. जेवायला उठताना त्यांनी डोणीच्या उजवीकडची जागा हाताने साफ केली आणि कोळशाचं पोतं ओढून तिथे ठेवलं.